पानाचा शेंडा डावीकडे

सारा जन्म मी तंजावूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवलं, पण आमच्या मराठी नात्यागोत्यात मला ओळखतात ते पंगतीमुळे. लग्न असो, मुंज असो नाहीतर श्राद्ध, केळीची पानं मांडायची वेळ झाली की हाक यायची, ‘माधवराव कोठे आहेत?’ पानावर कोणता पदार्थ कुठे, कशामागून काय, कुणाला आधी, हे मला वडिलांकडून आलं. वडील मुकाट्याने वाढायचे. इतर वाढपी ‘सार, सार’ ओरडत रांगेतून धावत, तेव्हा ते म्हणत, हा काय बाजार आहे? मीही कधी ओरडलो नाही, आणि त्याचा मला गर्व होता.

हे आधीच सांगून टाकतो, कारण माझा आजार चक्कर येऊन किंवा पडून कळला नाही. तो पंगतीत कळला.

लिहितो आहे ते अशाच आजाराच्या दारात उभ्या असलेल्यांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी थोडं जास्तच. आमच्या तंजावूरच्या मराठी लोकांतले बहुतेक जण मराठी बोलतात, पण देवनागरी वाचत नाहीत. मी संस्कृतच्या वाटेने ती लिपी शिकलो. शिकलेलं अजून शाबूत आहे का, हे बघायची हौस मला हल्ली फार आहे.

उलटी पानं

माझी धाकटी बहीण कमला तिरुवैयारूला राहते. तिच्या गायत्रीचं लग्न ठरलं आणि निश्चय, म्हणजे साखरपुडा, तिच्याच घरी करायचा होता. मुलाकडची मंडळी ओरत्तनाडूची, आपल्यातलीच. सोबत मुलाची आजी आली होती, नव्वदीला टेकलेली, ताठ बसणारी.

शुभकार्यात पानाचा निमुळता शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. श्राद्धाला आमच्याकडे ही दिशा उलटी. घरातल्या लहान पोरीलाही हे ठाऊक असतं. मी पानं मांडली, पाणी शिंपडलं, आणि पाहुण्यांना बसायची विनंती केली. सगळे बसायला लागले. आजी उभीच राहिली.

‘हे पान कोणासाठी मांडलंत?’ तिने विचारलं.

मी पानाकडे पाहिलं. मला काही दिसेना. पान स्वच्छ होतं, फाटलेलं नव्हतं. कमला धावत आली आणि भराभर पानं फिरवू लागली, तेव्हा मला कळलं की मी अख्खी रांग श्राद्धाची मांडली होती. आजी जेवली नाही. अंगणात खुर्ची टाकून बसून राहिली. लग्न मोडलं नाही ते गायत्रीच्या आणि त्या मुलाच्या हट्टामुळे.

कमला स्वयंपाकघरात रडत होती. ‘अण्णा, दुसरं कोणी केलं असतं तर मी समजले असते. तूच असं करावंस?’

आमच्या अम्माचं श्राद्ध नुकतंच झालं होतं. हाताला तीच सवय राहिली असेल, असं सगळ्यांनी म्हटलं, आणि मीही तेच म्हणत सुटलो. माझी बायको रुक्मिणी हिला मात्र ते पटलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, ‘हात चुकेल तुमचा, मी मानीन. पण समोर पाहोन कळलं नाही तुम्हांस. ते कां?’

मग तिने एकेक काढलं. कॉफीचं डिकॉक्शन उतरायच्या आत मी दूध ओतून ठेवतो. सदऱ्याची बटणं लावायला बसलो की मध्येच थांबतो. काही विचारलं की उत्तर येतं, पण इतक्या वेळाने की तोवर तिने दुसरा प्रश्न विचारलेला असतो. जिन्यावर माझी पावलं घासतात. हे सगळं ती कित्येक महिने पाहत होती आणि वय झालं म्हणून सोडून देत होती. बीपीची गोळी मी मनाला येईल तशी घेतो, हेही तिने ऐकवलं. मी चिडलो. तिने डॉक्टरची वेळ घेतली.

यंत्रात

एमआरआयच्या खोलीत थंडी फार. तिथल्या बाईंनी अंगठी काढायला लावली, पायांवर चादर घातली, आणि हातात एक रबरी घंटी दिली. भीती वाटली तर दाबा, म्हणाल्या. चादरीच्या कडा त्यांनी माझ्या पायाखाली नीट खोचल्या. माझ्या अम्मानंतर तसं कोणी केलं नव्हतं.

यंत्र भाताच्या गिरणीसारखं खडखडत होतं. हलायचं नाही, बोलायचं नाही. वेळ काढायला मी मनातल्या मनात पंगत वाढायला घेतली. मीठ. लोणचं. कोशिंबीर. आणि तिथे मी थांबलो.

पानावरची जागा डोळ्यांपुढे रिकामी दिसत होती. पदार्थ मी विसरलो नव्हतो. उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगराची पचडी ठाऊक होती, भाजी ठाऊक होती, वरण, सार, पोळी, सगळी नावं हजर होती. त्यांच्यात आधी कोण आणि मागून कोण, हे जुळेना. पुन्हा मिठापासून सुरुवात केली, पुन्हा कोशिंबिरीशी अडलो. ज्या रांगेतून मी डोळे मिटून चाललो असतो, त्या रांगेत मी हरवलो होतो. मला भयंकर भीती वाटली. घंटी दाबली नाही, पण डोळ्यांतून पाणी कानांत जात राहिलं आणि पुसायला हात हलवता येत नव्हता.

पांढरे डाग

डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. राखाडी मेंदू, मध्ये काळी पोकळी, आणि तिच्या भोवती कापसासारखे पांढरे डाग. मेंदूत खोलवर जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बीपीने कडक होतात, त्यांच्या आसपासच्या भागाला रक्त पुरत नाही, तिथे हे डाग पडतात, असं त्यांनी तमिळमध्ये नीट समजावलं. नाव सांगितलं, स्मॉल व्हेसल डिसीज. छोटे छोटे झटकेही येऊन गेले होते, मला न कळता.

रुक्मिणीने विचारलं, ‘हे कधीपासोन?’

‘वर्षानुवर्षं जमत आलंय, अम्मा.’

मी विचारलं, ‘माझं किती गेलं?’

डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसले. ‘सर, ते फोटोवरून सांगता येत नाही. इतकेच डाग असलेला एखादा निवांत बाजार करून येतो, आणि याहून कमी असलेला स्वतःच्या घरात गोंधळतो. डाग मला स्कॅनमध्ये दिसतात. तुम्ही काय करू शकता, ते तुम्हीच दाखवायचं.’

असलेले डाग पुसता येत नाहीत, पण नवे पडू नयेत म्हणून पुष्कळ करता येतं, असं ते म्हणाले. गोळ्या वेळच्या वेळी, रोज चालणं, मीठ अगदी कमी. मिठाचं ऐकून मला हसू आलं. पानावर सगळ्यांत आधी मीठ पडतं, आणि ते माझ्याच पानावरून उठलं होतं.

त्या दिवशी घरी येऊन मी काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. स्कॅनच्या फिल्म खिडकीशी धरून मी डाग बघत बसलो. दुसऱ्या दिवशी परत. आठवडाभर तोच उद्योग. शेवटी रुक्मिणीने ते पाकीट कपाटावर टाकलं. तिथे स्टुलाशिवाय माझा हात पुरत नाही, आणि स्टुलावर चढायला मला मनाई आहे. त्यानंतर मला भूक लागू लागली.

अंक आणि अक्षरं

पुढच्या खेपेला एका बाईंनी परीक्षा घेतली. घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा, प्राण्यांची नावं सांगा. प्राणी मी अर्धे मराठीत आणि अर्धे तमिळमध्ये सांगितले. त्या गोंधळल्या, मग हसून म्हणाल्या, दोन्ही चालतील. पाच शब्द मला शेवटपर्यंत आठवत होते आणि मी फुशारलो.

मग त्यांनी एक कागद दिला. त्यावर अंक आणि अक्षरं विखुरलेली. एकावरून पहिल्या अक्षरावर, तिथून दोनावर, तिथून दुसऱ्या अक्षरावर, अशी रेघ न्यायची. मी एकावरून दोनावर गेलो. त्यांनी थांबवलं. परत सुरू केलं, परत दोनावर गेलो. नियम मला कळत होता, तो मी त्यांना समजावूनही सांगितला. पण पेन्सिल ऐकेना. ज्या माणसाने जन्मभर मुलांचे पेपर तपासले, तो एका कागदापुढे घामाघूम होऊन बसला होता.

‘तुमची आठवण चांगली आहे, सर,’ त्या म्हणाल्या. ‘क्रम लावायला आणि एकावरून दुसऱ्यावर जायला त्रास होतोय. या आजारात बहुतेकदा तसंच होतं.’

हे ऐकून मला बरं वाटलं. पानं उलटी पडली ती निष्काळजीपणाने नव्हे, हे त्यात आलं होतं.

घरातली धुसफूस

हॉस्पिटलचा एक दिवस म्हणजे सकाळी टोकन, मग पंख्याखालचा बाक, मग बीपी, मग पुन्हा बाक. रुक्मिणी इडल्या बांधून आणायची आणि शेजारच्या बाकावर वाटायची. आजारात माणसं एकमेकांच्या डब्यात फार सहज हात घालतात. तिथे आमचं भांडण कधी झालं नाही. भांडणं घरी झाली.

ती माझ्या वतीने उत्तरं द्यायला लागली. कोणी विचारावं ‘कसे आहांत?’ आणि हिने म्हणावं ‘बरे आहेत’. माझं उत्तर वाटेत असायचं, ते पोचायच्या आत विषय संपलेला. एके दिवशी मी ताट सरकवलं आणि ओरडलो, ‘मी मेलो नाही अजून!’ ती उठून परसात गेली. बऱ्याच वेळाने आली ती डोळे पुसून. ‘मला भीती वाटत्ये म्हणोन मी घाई करत्ये,’ ती म्हणाली. ‘तुम्ही थांबलांत की मला वाटतं, अत्तां परत सुरू होणार नाहीत.’

इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला इतकं सरळ काही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून ती वाट बघते, आणि मी विचार करत असलो तर बोट वर करतो, म्हणजे यंत्र चालू आहे. घरच्यांनो, एवढं एक शिका. उत्तर येतं, त्याला वेळ द्या.

कमलाची गोष्ट निराळी होती. निदान कळल्यावर ती फोनवर रडली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘अण्णा, गायत्रीचं लग्न होईतो कोणास सांगू नको. मुलीच्या मामाच्या डोक्यात दोष आहे म्हटलं की ते लोक काय समजतील? हात चुकला, एवढंच राहू दे.’

ते मी मानलं. मग ती म्हणाली, ‘आणि लग्नात तू वाढू नको. पुढच्या खुर्चीवर बैस, पाहुण्यासारखा.’

आमच्या घराण्यात व्याह्यांची पहिली पंगत मुलीच्या मामाने वाढायची असते. बाकीच्या पंगती केटररची माणसं वाढतात, पण ती एक मामाची. मी फोन ठेवला आणि ठरवलं, ही पंगत मी वाढणार. डॉक्टरांनी म्हटलंच होतं, काय करू शकता ते दाखवा.

आधी बोला, मग करा

परीक्षा घेणाऱ्या बाईंकडेच मला सरावाला पाठवलं होतं. त्यांना मी सरळ सांगितलं, मला पंगत वाढायची आहे. त्यांनी सगळा क्रम विचारून घेतला आणि म्हणाल्या, ‘सर, प्रत्येक गोष्ट करायच्या आधी मोठ्याने बोला. आधी बोला, मग करा. स्वतःचा आवाज कानावर पडला की हाताला वाट सापडते.’

मी म्हटलं, हे मला जमणार नाही. आमच्या घरी वाढताना ओरडत नाहीत.

रुक्मिणी हसत सुटली. ‘सगळ्या जगाचे वाढपी ओरडतात की! तुमच्या घरची तेवढी ऐट.’

तिचं खरं होतं. हा उपाय पंगतीत पहिल्यापासून होता, फक्त आम्ही बापलेक त्याला नाक मुरडत आलो होतो. वडिलांची मनात क्षमा मागितली आणि लागलो कामाला.

रोज सकाळी राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून चालून आलो की रुक्मिणी परसात केळीच्या पानाचे तुकडे ओळीने मांडून ठेवायची. मी रिकामी भांडी घेऊन निघायचो. ‘शेंडा डावीकडे!’ पान. ‘मीठ!’ डावा कोपरा. ‘लोणचं!’ सुरुवातीला कोशिंबिरीशी हटकून अडायचो. तिने सांगायचं नाही, असं ठरलं होतं. ती ओठ घट्ट मिटून बसायची, आणि मला हसू यायचं. भिंतीपलीकडच्या मामींनी एकदा डोकावून विचारलं, आज काय विशेष? रुक्मिणी म्हणाली, आमच्या यांचं परत बारसं आहे.

हळूहळू रांग पुरी होऊ लागली. रोज होत नसे. ज्या दिवशी झोप कमी, त्या दिवशी चुका जास्त, हेही लक्षात आलं. पण परसातल्या कोऱ्या पानांवर वाढणं निराळं आणि मंडपातल्या गोंगाटात निराळं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

ओरत्तनाडू

गायत्री चेन्नईहून भेटायला आली. तिला खरं सांगितलं होतं. ‘मामा, तूच वाढायचं,’ ती म्हणाली. ‘आजीशी मी बोलू?’

‘नको. पान मी उलटं मांडलं, मीच बोलेन.’

हा रोग सहसा बीपीचा, मुलीच्या अंगात तो उतरायचं कारण नाही, हे आधी डॉक्टरांना विचारून घेतलं. मग कमलाला कळवलं की मी जातो आहे. ती चिडली, रडली, आणि शेवटी माझ्याबरोबर बसमध्ये येऊन बसली. 

आजी ओसरीवर बसली होती. मी समोर खाली बसलो.

‘अम्मा, त्या दिवशी पानं उलटी पडली, ते माझ्या मेंदूच्या आजाराने. फोटोत निघालं आहे. सांगितल्याशिवाय तुमच्यापुढे वाढायला उभं राहणं मला बरं वाटेना.’

‘वेड आहे?’

मी बोट वर केलं. ती थांबली. ‘वेड नाही,’ मी म्हटलं. ‘समजतं सगळं. आधी काय, मागून काय, तिथे अडतों.’

कमला माझ्या मागे येऊन बसली. 

‘आमचे हे,’ आजी म्हणाली, ‘जाण्याआधी चपला घालोन देवघरात जात. धोतर नेसोन मग आंघोळीस बसत. मी त्यांस हट्टी म्हटलं. पोरांपुढे बोलले. तैसंच बोलत राहिले, ते जाईतों.’ तिने पदराने तोंड पुसलं. ‘कोणी फोटो काढला नाही त्यांचा.’

मग ताठ होऊन म्हणाली, ‘पहिलं पान माझं मांडा. चुकलं तर मी सांगीन. उठोन जाणार नाही.’

पंगत

लग्न तिरुवैयारूच्या मंडपात झालं. बाहेर नादस्वर, आत भांड्यांचा आवाज, पोरांची पळापळ. पानांचा भारा घेऊन मी रांगेच्या टोकाशी उभा राहिलो.

‘शेंडा डावीकडे!’ मी मोठ्याने म्हटलं. दोघं-तिघं हसले. हसू देत. प्रत्येक पानाला म्हणत गेलो आणि रांगेच्या शेवटी पोचलो. मीठ म्हणत मीठ वाढलं, लोणचं म्हणत लोणचं. कोशिंबीर झाली. पुढचं भांडं हाती घेऊन आजीच्या पानासमोर आलो, आणि थांबलो.

तीच जागा. नादस्वर वाजत होतं, मागून कोणीतरी ‘वाढा, वाढा’ म्हणत होतं, आणि माझा हात डावावर गोठला होता. पलीकडे खांबाशी रुक्मिणी ओठ मिटून उभी होती. कमला दोन पावलं पुढे आली.

आजीने मान वर केली. ‘काय आहे त्यांत?’

मी भांड्यात पाहिलं. ‘पचडी.’

‘मग म्हणा की.’

‘पचडी!’ मी इतक्या जोरात ओरडलो की रांगेच्या दुसऱ्या टोकाचा एक व्याही म्हणाला, ‘इकडेही ऐकूं आली, अत्तां घेऊन या!’ आणि सगळी रांग हसली. हात सुटला. पचडी झाली, भाजी झाली, वरणभातावर तूप पडलं, आणि आजीने पहिला घास घेतला. मग पोळी मागून घेतली.

मी बरा झालो असं लिहिणार नाही. डाग आहेत तिथेच आहेत. अलीकडच्या स्कॅनमध्ये नवे दिसले नाहीत, आणि तेवढ्यावर मी खूश आहे. स्कूटर विकली. जिना कठडा धरून उतरतो. हा लेख लिहायलाही बरेच दिवस लागले, पण आधी काय आणि मागून काय, हे माझं मी लावलं आहे.

त्या दिवशी सगळ्या पंगती उठल्यावर कमला म्हणाली, ‘अण्णा, अत्तां तू बैस.’ तिने माझ्यापुढे पान मांडलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ‘बघोन घे.’

मी नीट पाहिलं. शेंडा डावीकडे होता.

ती मिठाचं भांडं घेऊन आली आणि पानाशी घुटमळली. वाढावं की नाही, तिला कळेना.

‘काय आहे त्यात?’ मी विचारलं.

‘मीठ.’

‘मग म्हण की.’

‘मीठ!’ कमला रिकाम्या मंडपात ओरडली, आणि मोजके दाणे तिने पानाच्या कोपऱ्यावर ठेवले. मी त्यांना हात लावला नाही. पान रीतीप्रमाणे लागलं होतं. मी जेवायला बसलो.